हॅमस्टरचा डोळा चिकटलाय, घरातले ड्रॉप्स घालू का?

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलाच्या हट्टापायी (वय 9) एप्रिलमध्ये दोन हॅमस्टर आणले, लाडू आणि चिवडा. मोठ्या जातीचे, सोनेरी रंगाचे आहेत. दोघे एकाच पिंजऱ्यात असतात, खाली दुकानदाराने दिलेला लाकडाचा भुसा घालतो. परवा सकाळपासून लाडूचा उजवा डोळा बंद आहे. कडेला पिवळट चिपडं सुकली आहेत, पापणी जरा सुजलेली वाटते. खातोय, पण रात्री चाकावर पळत नाही. जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघतात. शेजारच्या काकू म्हणतात गुलाबपाणी घाला. मध्यंतरी माझे डोळे आले होते, तेव्हाचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये आहेत. ते एकेक थेंब घातले तर चालतील का? मुलाला लागण होईल का? आणि नेरूळला बहिणीकडे गिनीपिग आहे, त्याच्या डोळ्यातून अधूनमधून दुधासारखं पांढरं येतं. तेही हेच का?
– एक आई, ठाणे

उत्तर: फ्रिजमधले ड्रॉप्स घालू नका. तुमच्या पत्रात लाडूला सर्वांत जास्त धोका त्या बाटलीचाच आहे, चिपडांचा नंतर.

बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून बघा. डोळे आल्यावर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एक नाव दिसलं की समजायचं. स्टिरॉइडने लाली आणि सूज पटकन उतरते, म्हणून माणसाला बरं वाटतं. पण हॅमस्टरच्या बंद डोळ्यामागे बुबुळावर ओरखडा किंवा जखम असण्याची शक्यता बरीच असते. अशा जखमेवर स्टिरॉइड पडलं की ती भरायची थांबते आणि खोल होत जाते. चार दिवसांत डोळा फुटून आत खचू शकतो. शिवाय वजनाचा हिशेब आहे. मोठ्या जातीचा हॅमस्टर साधारण 100 ते 150 ग्रॅमचा. 120 ग्रॅम धरला तर 60 किलोच्या माणसाच्या पाचशेवा भाग. त्याच्या डोळ्यातला एक थेंब म्हणजे तुमच्या शरीराच्या मानाने 5 मिलीच्या जवळजवळ पाच बाटल्या. थेंबाचा काही भाग नाकात उतरतो, उरलेला तो तोंड पुसताना चाटतो, म्हणजे औषध पोटातही जातं. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हाच्या अर्धवट बाटल्या अजून कित्येक फ्रिजच्या दारात उभ्या असतील. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर माणसानेही वापरू नये, हे जाता जाता.

गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी, हळद, बोरिक पावडर, काजळ हेही सगळं बाजूला ठेवा. काकूंचा हेतू चांगला आहे. पण बाजारातल्या गुलाबपाण्यात सुगंधी द्रव्यं असतात, ती उघड्या जखमेला झोंबतात. बोरिक पावडर चाटण्यात गेली तर ती त्याच्यासाठी विषच.

आज संध्याकाळी करायचं काम एकच: डोळा भिजवून, स्वच्छ करून, नीट बघणं. हॅमस्टर दिवसा झोपतो, त्यामुळे सात-आठनंतर तो आपणहून उठला की हे करा. झोपेतून ओढून काढलं तर चावेल.

केमिस्टकडून नॉर्मल सलाईनची 100 मिलीची बाटली आणि निर्जंतुक गॉझचं पाकीट आणा. सलाईन 0.9 टक्क्याचंच हवं, आणि ‘डेक्स्ट्रोज’ लिहिलेली बाटली नको, ती साखरेची असते. केमिस्ट घाईत दुसरीच देतो, म्हणून दुकानातच वाचून घ्या. सलाईन मिळालंच नाही तर अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं उकळा, त्यात चहाच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवा आणि झाकून कोमट होऊ द्या. हे घरचं पाणी त्याच दिवशी टाकून द्यायचं, उघडलेली सलाईनची बाटली दुसऱ्या दिवशी. लागेल तेवढं वाटीत काढा, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. गरमही नको, गारही नको. कापसाचे बोळे वापरू नका. त्यांचे तंतू पापणीत अडकतात आणि नवं खुपणं सुरू होतं.

जमिनीवर बसा, मांडीवर टॉवेल घ्या. हातातून निसटला तर पलंगाच्या उंचीवरून पडण्याइतकं त्याचं शरीर दणकट नसतं. उजवा डोळा बंद असल्याने त्या बाजूने येणारा हात त्याला दिसणार नाही. आधी आवाज द्या, डाव्या बाजूने हात पुढे करा, वास घेऊ द्या. मग लहान रुमालात सैलसर गुंडाळा, फक्त तोंड बाहेर. मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलायची पद्धत व्हिडिओत दिसते, ती इथे मुळीच नको. हॅमस्टरचे डोळे मुळातच पुढे आलेले असतात आणि खोबणी उथळ असते. मानेची कातडी जोरात ताणली की पापण्या मागे खेचल्या जाऊन डोळा चक्क बाहेर येऊ शकतो. दुखऱ्या, सुजलेल्या डोळ्याला तर हा धोका आणखी.

गॉझची घडी करून बोटाच्या टोकाएवढी करा, सलाईनमध्ये भिजवा, हलकी पिळा आणि बंद डोळ्यावर नुसती टेकवून दीड-दोन मिनिटं धरा. घासायचं नाही. कडक झालेलं चिपड भिजून मऊ होतं आणि गॉझला आपोआप चिकटून येतं. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा, ती घडी टाका, नवी घ्या. तीच घडी परत फिरवली की काढलेली घाण पुन्हा डोळ्यात जाते. डावा डोळाही पुसायचा असेल तर त्याची घडी वेगळी. असं दोन-तीनदा केलं की बहुतेक वेळा पापणी उघडते. नाही उघडली तर नखाने उकलू नका. चिकटलेल्या पापणीबरोबर बुबुळावरचा नाजूक थर सोलला जातो. तिथेच थांबा आणि सकाळी डॉक्टर गाठा.

उघडली, तर आता बघायचं काम. मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा. डोळा काळा, मण्यासारखा चकचकीत आणि डाव्याएवढाच आहे, फक्त कडा थोड्या लाल आहेत, असं असेल तर तातडीचं काही नाही. धूळ किंवा वासाने डोळा चिडला असावा. सकाळ-संध्याकाळ सलाईनने पुसा, भुसा बदला, 24 ते 48 तास वाट बघा. पापणीच्या कडेला आतून छोटी पांढरी फुगवटी दिसली तर ती रांजणवाडी. हॅमस्टरलाही होते. दाबून फोडू नका. कोमट शेकाने काही बसतात, काही डॉक्टरांना उघडाव्या लागतात.

पण बुबुळावर निळसर किंवा दुधी डाग दिसला, चकाकी गेलेली दिसली, डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला किंवा आत गेलेला वाटला, रक्त दिसलं, पू घट्ट आणि भरपूर असला, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळा बाहेरच आला असेल तर आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेली गॉझ त्यावर ठेवा, सतत ओली राखा आणि निघा. इथे तास मोजावे लागतात.

डोळ्याइतकंच गालाकडे बघा. हॅमस्टरच्या गालात खाणं साठवायच्या पिशव्या असतात, त्या खांद्यापर्यंत मागे जातात. तिथे टोकदार काडी किंवा चिकट खाऊ अडकून पू झाला की सूज वर डोळ्यापर्यंत येते. वरच्या दातांची मुळंही डोळ्याच्या खालीच असतात. उजवा गाल डाव्यापेक्षा फुगलेला असेल आणि खाणं काढल्यावरही उतरत नसेल, तोंडाला वास येत असेल, पुढचे दात वाकडे, तुटलेले किंवा अति लांब असतील, तर डोळ्यात कितीही औषध घाला, उपयोग शून्य. मूळ दुखणं दाताचं किंवा गालाचं आहे. पुढच्या दातांचा पिवळा-नारिंगी रंग बघून घाबरू नका, तो तसाच असतो. नाक ओलं, शिंका, श्वासाला टिकटिक आवाज असेल तर संसर्ग छातीकडे गेलेला असू शकतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून रोज एकाच वेळी वजन करा. 120 ग्रॅमचा 108 वर आला तर तो ‘खातोय’ असं दिसत असलं तरी पुरेसं खात नाही.

लाडूचा डोळा तिसऱ्या दिवशीही बंद आहे आणि पापणी सुजली आहे, म्हणून पुसून उघडला तरी दाखवून आणा, असं आमचं मत आहे. घोडबंदर रोडवर दवाखाने भरपूर आहेत, प्रश्न योग्य डॉक्टरांचा आहे. जाण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: ‘एक्झॉटिक बघता का, म्हणजे ससे, गिनीपिग, हॅमस्टर?’ आणि ‘फ्लुओरेसिन स्ट्रिप आहे का?’ ही नारिंगी कागदाची पट्टी सलाईनमध्ये भिजवून डोळ्याला रंग लावतात आणि निळ्या उजेडात बघतात. बुबुळावर जखम असेल तिथे हिरवा डाग उमटतो. दोन-तीन मिनिटांचं काम, पण स्टिरॉइड चालेल की नाही हे त्यावरच ठरतं. जवळपास कोणीच सापडलं नाही तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ठाण्याहून धीम्या लोकलने थेट परळ. तिथेही निघण्यापूर्वी फोन कराच.

नेताना लहान, हवेशीर डब्यात त्याचाच थोडा जुना बिछाना घाला, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा तुकडा ठेवा. बाटली रिक्षाच्या धक्क्यांनी गळते आणि डबा भिजतो. उपाशी नेऊ नका. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना उलटी होत नाही आणि एवढ्याशा जिवाची साखर लगेच उतरते. त्या दिवशी सकाळी डोळा न पुसता आधी फोटो काढा, म्हणजे मूळ चिपड कसं होतं ते डॉक्टरांना कळेल.

डॉक्टरांनी पोटातून अँटिबायोटिक लिहिलं तर नाव विचारून घ्या. अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन गटातलं दुसरं कोणतंही, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही हॅमस्टर, गिनीपिग आणि सशांना तोंडाने द्यायची नाहीत. कुत्र्याला रोज दिली जाणारी ही औषधं या प्राण्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग क्लॉस्ट्रिडियम नावाचे जंतू माजतात, त्यांचं विष भिनतं आणि जुलाब लागून प्राणी काही दिवसांत जातो. ज्यांचा हात रोज कुत्र्या-मांजरांवर असतो, त्या डॉक्टरांकडून हे नजरचुकीने होऊ शकतं, म्हणून विचारायला संकोच नको. या प्राण्यांत सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा वापरतात, तेही वजनानुसार मोजून. डोळ्यात घालायला बहुधा साधे, स्टिरॉइड नसलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स मिळतील. मलमांमध्ये मात्र बॅसिट्रासिन असलेलं मलम टाळायला सांगा, कारण डोळ्यावरचं मलम हॅमस्टर पुसून चाटतोच.

थेंब घालताना आधी डोळा पुसायचा, नाहीतर औषध चिपडावर पडतं आणि फुकट जातं. रुमालात गुंडाळून बाटली डोक्याच्या मागून, वरून आणा म्हणजे ती त्याला दिसत नाही. टोक डोळ्याला टेकवायचं नाही, टेकलं तर अख्खी बाटली दूषित होते. एक थेंब पुरे. अर्धं मिनिट धरून ठेवा, ओघळलेलं गॉझने टिपा, मगच सोडा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं ठेवा. मलम शेवटी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. दुसऱ्या दिवशी डोळा उघडला की लोक औषध बंद करतात आणि आठवड्यात पुन्हा तेच दुखणं घेऊन येतात. सांगितलेले दिवस पूर्ण करा. उलट दोन दिवसांत काहीच फरक नसेल तर तेच रेटू नका, कळवा.

आता कारण. तुमच्या पत्रातलं एक वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा: दोघे एकाच पिंजऱ्यात असतात. सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टर हा एकटा राहणारा प्राणी आहे. पिल्लं असताना एकत्र झोपतात म्हणून दुकानदार जोडी विकतो. साधारण आठ-दहा आठवड्यांचे झाले की रात्री भांडणं सुरू होतात आणि तुम्ही झोपलेल्या असता. एका नखाच्या फटक्यात बुबुळावर ओरखडा येतो. लाडूची पाठ, कानाच्या कडा आणि शेपटीजवळची जागा केस बाजूला करून बघा. छोट्या खपल्या दिसल्या तर हीच गोष्ट. आजच वेगळे करा, तात्पुरता मोठा प्लॅस्टिकचा डबा चालेल, झाकणाला जाळी हवी. मधे नुसती जाळी लावून एकाच पिंजऱ्याचे दोन भाग करू नका, त्यांना एकमेकांचा वास येत राहतो आणि दोघे ताणाखाली राहतात. आणि एक नर, एक मादी तर नाही ना, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भकाळ जेमतेम 16 ते 18 दिवसांचा असतो.

दुसरा संशयित तो भुसा. मूठभर घेऊन उन्हाच्या तिरीपेत वरून सोडा. धुरळा तरंगताना दिसला तर तोच त्याच्या डोळ्यात जातो, कारण हॅमस्टर रोज त्यात डोकं खुपसून बोगदे काढतो. देवदार, पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडातले तेलकट अंशही डोळे आणि श्वासनलिका चिडवतात. कागदाचा बिछाना घ्या. महाग वाटला तर पांढरे, बिनवासाचे टिश्यू फाडून घाला. शाईचं वर्तमानपत्र नको, आणि सुती धागे किंवा कापूस तर नकोच, पायात गुंडाळून बोटं जातात. वाळूत लोळायची सवय असेल तर वाळू हवी, टाल्कसारखी पावडर नको.

पावसाळ्यात यात भर पडते. ठाण्यात जुलैत हवा इतकी दमट की बिछाना सुकतच नाही, लघवीचा कोपरा ओला राहतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन वास घ्या. उभ्याने काही जाणवत नाही, पण हॅमस्टर तळाशीच राहतो. नाकाला झोंबलं तर त्याच्या डोळ्याला त्याहून जास्त झोंबतंय. ओला कोपरा रोज काढा, बाकी बिछाना आठवड्याला बदला, पण कोरडा, स्वच्छ असा थोडा जुना भाग परत घाला. सगळा वास एकदम गेला की तो घाबरतो आणि वासाच्या जास्त खुणा करतो. पिंजरा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, लघवीचे डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. फिनेल नको. पिंजऱ्याच्या खोलीत मच्छर-कॉइल, अगरबत्ती, कपाटातल्या डांबरगोळ्या नकोत. पंख्याचा झोत थेट अंगावर नको आणि खिडकीतले पावसाचे शिंतोडेही नकोत.

मुलाला लागण होण्याची भीती फार बाळगू नका. माणसांत साथीने येणारे डोळे बहुतेक अॅडेनोव्हायरसमुळे येतात, लाडूचं दुखणं ते नव्हे. पण पू हा पूच, त्यात जंतू असतात. डोळा पुसणं आणि औषध घालणं मोठ्यांनी करावं, आधी-नंतर साबणाने हात धुवावेत आणि बरा होईपर्यंत लाडूला चेहऱ्याजवळ नेऊ नये, एवढं मुलाला सांगा. त्याला वजन लिहायचं काम द्या, तो ते मन लावून करेल.

बहिणीच्या गिनीपिगबद्दल. दिवसातून एक-दोनदा दोन्ही डोळ्यांतून पातळ, दुधासारखा द्रव येतो आणि तो लगेच पंजाने तोंडावर फासून चेहरा धुतो, असं असेल तर काही करायचं नाही. ती त्यांची आंघोळ आहे. मात्र एकाच डोळ्यातून सतत येतंय, सुकून खपली होतेय, डोळा मिटलेला आहे, तर वेगळं. आधी गवताची काडी शोधा. गिनीपिगच्या डोळ्यात वाळल्या गवताचं कुसळ रुतणं नेहमीचं आहे, आणि दिसलं तरी घरी ओढायचं नाही. लहान पिल्लांत क्लॅमिडिया या जंतूचा एक प्रकार डोळे आणतो. आणि खपलीबरोबर सुस्ती, लंगडणं, हिरड्यांतून रक्त असेल तर ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. रोज ढोबळी मिरचीचे दोन-तीन काप, बिया काढून, द्यायला सांगा. पाण्यात थेंब टाकून देऊ नये, जीवनसत्त्व काही तासांत नष्ट होतं आणि चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो.